भोंगवलीत उतरवलेली म्हैस

फलटण सोडलं तेव्हा ऊन नुकतंच अंगाला लागायला लागलं होतं. आमच्या जुन्या पिकअपमध्ये पुढे मी आणि माझी बायको मंगल, मागे हौद्यात आमची म्हैस चंद्री. तिला आमच्या लेकीकडे, शोभाकडे, राजगडाखालच्या पाली गावात पोचवायचं होतं. शोभानं चंद्रीला पारडू (म्हशीचं पिल्लू) असल्यापासून वाढवलेलं. आता शोभा गडावर येणाऱ्यांना जेवण करून घालते. दुधासाठी दुसरी म्हैस बघायलाही ती तयार नव्हती. चंद्री गाभण, त्यामुळे मी गाडी जपून हाकत होतो.

लोणंद मागे पडलं, वीर धरणाचं पाणी दिसून गेलं. दिवाळी होऊन गेली होती, उसाला तुरे आले होते. भोंगवली जवळ आली तशी मंगल म्हणाली, "खड्डा आला की खालनं कुणी टाळी वाजवतंय बघा."

"चाकाजवळचे रबरी बुश जुने झालेत," मी म्हणालो.

पुढच्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी आपणहून डावीकडे ओढली गेली. स्टिअरिंग घट्ट धरून मी तिला कशीबशी कडेला घेतली. खाली वाकून पाहिलं तर डावं चाक वरून आत कललेलं. चाकाला वरच्या लोखंडी आर्मशी जोडणारा बॉल जॉइंट पार झिजला होता. हाच सांधा पुढे पालीच्या वाटेवर, वेल्ह्याच्या चढावर निसटला असता तर चाक गेलं असतं आणि मागची म्हैस आमच्यासकट दरीत.

समोरच्या शेतात एक म्हातारे गृहस्थ घेवडा तोडत होते. ते बांधावर आले. त्यांना गावात सगळे तात्या म्हणतात, हे नंतर कळलं.

"म्हस उतरवा आधी," ते म्हणाले. "बोजा असताना जॅक लावू नका."

"उतरवू कुठं?"

"ह्यो बांध हाय की. गाडी मागं घ्या हळूच."

गाडीचा फाळका (मागचं दार) बांधावर पाडला आणि चंद्री रुबाबात उतरून तात्यांच्या गोठ्याकडे निघाली, जणू तिथलीच. मंगल तिच्यामागे गेली. गाडी मी अगदी हळू सरकवत त्यांच्या अंगणात नेली.

गाडी खोलणं-जोडणं मी घरी हातानंच करतो, हत्यारं बरोबर असतात. लाकडी ठोकळे लावून पुढची दोन्ही चाकं काढली. डाव्या सांध्याचा नट सुटला आणि त्यातला लोखंडी गोळा खोबणीतून अंगठ्यानं उचलावा तसा हातात आला. मी तिथेच मातीत बसलो. उजवा त्याच्यापेक्षा बरा, पण तोही डुलत होता. आर्मचे रबरी बुश फाटून लोंबत होते आणि ते काढायला-घालायला दाबाचं यंत्र, प्रेस, लागतं.

तात्यांनी मोटारसायकल काढली. मी दोन्ही आर्म काढून पोत्यात गुंडाळले, मागे बसून मांडीवर घेतले आणि आम्ही भोरला निघालो. वाटेत भाटघर धरणाची भिंत दिसली. तात्या गाडी चालवताना मान वळवून बोलतात, त्यामुळे मी बराचसा रस्ता डोळे मिटूनच पाहिला.

भोरच्या गॅरेजवाल्यानं आर्म हातात घेऊन विचारलं, "कुठं जायचंय?"

"पाली."

"मग दोनी बाजूचं नवं घाला. एक जुनं ठिवून डोंगरात जाऊ नका."

"नाहीच जाणार," मी म्हणालो. त्यानं नवे बुश दाबून बसवले, जॉइंट दिले.

परत आलो तेव्हा दिवस मावळत होता. तात्यांची बायको, काकू, मंगलशी बोलत भाकऱ्या थापत होत्या. "आज ऱ्हावा हितंच," त्या म्हणाल्या. "म्हस काय आमाला जड न्हाई." घेवड्याचं कोरड्यास (पातळ कालवण) इतकं झणझणीत होतं, की डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगावं लागलं नाही.

सकाळी सगळं जोडलं. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून चाकं कामचलाऊ सरळ केली. रिकाम्या गाडीनं गावाला फेरी मारली. ब्रेक दाबला, गाडी सरळ थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा सरळ. मी एकटाच मोठ्यानं हसलो.

आता चंद्री चढेना. गोठा तिला आवडला होता. तात्यांनी ओढलं, मी ढकललं, व्यर्थ. शेवटी मंगल स्वतः हौद्यात जाऊन बसली आणि तिला हाका मारत राहिली. बऱ्याच वेळानं चंद्री सुस्कारा टाकून वर गेली.

नसरापूर, मग वेल्ह्याचा रस्ता. दोन्हीकडे भाताची झोडणी चाललेली, हवेत पेंढ्याचा वास. चढ आले, वळणं आली, गाडी गुमान चढली. पालीत शोभा रस्त्यावरच उभी होती. आम्हाला ओलांडून ती आधी म्हशीकडे धावली. मंगल म्हणाली, "आमी बी आलोय गं."

दुसऱ्या दिवशी परतताना मंगल म्हणाली, "मागं म्हैस नाही, आता पानशेत बघू या." पाबे घाट उतरून गेलो. धरणाच्या पाण्यासमोर टपरीवर भजी आणि चहा मागवला आणि एकदम माझे हात थरथरायला लागले. चहा बशीत सांडला.

"आता काय झालं? सगळं नीट पार पडलं की," मंगल म्हणाली.

"म्हणूनच. तेव्हा थरथरायला सवड नव्हती."

तिनं माझी बशी धरली. मी शांत होईपर्यंत आम्ही तिथेच बसलो.

फलटणला आल्यावर शेजारी विचारतात, राजगड कसा दिसतो हो? खरं सांगायचं तर मी पाहिलाच नाही. पालीत होतो तेवढा वेळ मी गाडीखाली वाकून नव्या जॉइंटकडे बघत होतो, आणि त्याच्याइतकं सुंदर मला काही दिसलं नाही. गडाचं मंगलला विचारा.