वीस मिनिटांत मात

काल मी शेजारच्या अण्णांना बुद्धिबळात वीस मिनिटांत हरवलं, आणि तिथंच चुकलो. पत्नी वारल्यापासून ते रोज दुपारी आमच्याकडे खेळायला येतात. प्याद्यांची भिंत रचतात, एकेक प्यादं बोटानं घराच्या मधोमध सरकवतात. ती निवांत भिंत मला फार खुपायची. काल घोड्याचा बळी देऊन मी ती फोडली, वजीर आत घुसवला आणि "मात!" म्हणून ओरडलोसुद्धा. अण्णा हसले, घड्याळाकडे बघत चपला शोधू लागले. बचाव करणाऱ्याला कधीकधी नुसती दुपार लांबवायची असते, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघताना सुचलं. तेवढ्यात बायको दोघांचा चहा घेऊन आली.

"घालवलंत ना माणसाला घरी? आता दोन्ही कप तुम्हीच ढोसा!"