हसनचं ‘व्हय महाराजा’

गंगाराम वेळणेश्वरचा. बोटीवर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी. तोंडाचा फटकळ, मनाचा भोळा सांब. नारळ ठेवून मोठ्यानं गाऱ्हाणं घालायची गावची रीत त्यानं बोटीवरही सोडली नाही. पण गाऱ्हाण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणणारा कुणीतरी लागतोच ना? इराकच्या बंदरात त्याला हसन मिळाला.

हसन धक्क्यावर क्रेन चालवायचा. आपल्या खलाशांत वावरून हिंदी शिकलेला. गंगारामच्या हातची भाकरी खाता खाता तो आपल्या राज्यकर्त्याला अशा शिव्या हासडायचा, की शिमग्यातल्या अचकटविचकट फाका फिक्या पडाव्यात! मग गंगाराम भटारखान्याचं दार लावून गाऱ्हाणं घाली, ‘बा देवा, ह्यांची ही पीडा टळू दे,’ आणि हिंदीत अर्थ सांगी. हसन डोळे मिटून ‘व्हय महाराजा’ म्हणे. तीन सफरी हे चाललं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात बोट धक्क्याला असतानाच अमेरिकेचे बॉम्ब पडले. चार दिवसांनी हसन कामावर आला. बहिणीचं घर गेलं होतं. आता ही माणसं आपल्या राज्यकर्त्याला खाली खेचणार, याची गंगारामला खात्रीच होती. त्यानं उरलेला नारळ काढला आणि धक्क्यावर, हमालांदेखत, त्या राज्यकर्त्याचं नाव घेऊन खणखणीत गाऱ्हाणं घातलं. तेही हिंदीत, हसनसारखीच थोडीफार हिंदी शिकलेल्या त्या सगळ्यांना कळावं म्हणून! अक्कल गहाण टाकली होती मेल्यानं.

हसन म्हणाला, “तो आमचा आहे. शिव्या आम्ही घालू.” आणि त्यानं बंदरावरच्या शिपायाला हाक मारली.

गंगारामला दोन दिवस कोंडला. कप्तानानं विनवण्या करून सोडवला आणि पुढच्या बंदरात उतरवला. नलीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, असा शेरा बसला की बावीस वर्षांची बोट कायमची सुटली.

आता तो रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ वडे तळतो. दोन हजार तीनमध्ये टीव्हीवर पुन्हा बॉम्ब दिसले, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणू लागली, आता तिथले लोक उठतील. गंगारामनं झारा आपटला. गिऱ्हाइकांतल्या दत्तात्रेय मास्तरांना सारी हकीकत ठाऊक होती; त्यांनी समजूत घातली, की हमालांदेखत हसननं हाक मारली नसती, तर त्याचीच मान गेली असती. भ्याला असेल बिचारा.

“भ्याला असता तर माफ केला असता, मास्तर,” गंगाराम म्हणाला. “तो रडत होता. त्याला खराच राग आला होता. बॉम्ब टाकणाऱ्यांचा, आणि माझा.”

शिमग्याला तो गावी जातो. पालखीपुढं गाऱ्हाणं सुरू झालं की सारा गाव ‘व्हय महाराजा’ म्हणतो. गंगाराम हात जोडून उभा असतो, पण तोंड उघडत नाही.