बोटांवरची चिकटपट्टी

श्राद्धाचं जेवण अंगावर आलं की मला बसल्या बसल्या डुलकी लागते. आताही तेच होतंय. दुपार कलली आहे, बाहेरच्या खोलीत नणंदबाई माझ्या मुलाशी, शिरीषशी, बोलतायत आणि आत सून खिरीचं पातेलं घासते आहे. डोळे मिटले तरी घासण्याचा आवाज येतोच आहे. हळूहळू तो जाड होतो, खोल जातो.

"इंदू, पट्टी बांध."

पलंगाच्या कडेला हे बसलेत. हे म्हणजे माझे यजमान, रघुवीर जांभळे. आज त्यांचंच श्राद्ध आहे. उजवा हात पुढे केलाय, दोन बोटं ताठ.

"जेवलात का?" मी विचारते.

"खीर पातळ झालीय."

माणूस जातो, जिभेचे चोचले जात नाहीत.

हे सिनेमाच्या गाण्यांत डबल बेस वाजवायचे. म्हणजे माणसापेक्षा उंच व्हायोलिन, उभं राहून, कवेत घेऊन वाजवायचं. चाळीतल्या बायका त्याला माझी सवत म्हणायच्या, आणि खोटं काय त्यात? ती घरात आली की मला पाय पसरायला जागा उरायची नाही. तिच्या तारा दोरीसारख्या जाड. छेडून छेडून बोटांची सालटं निघायची. म्हणून रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी मी यांच्या दोन बोटांना कापडी चिकटपट्टी गुंडाळायची. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा ती काळीकुट्ट झालेली असायची. मग गरम पाण्यात हात बुडवून मीच ती सोडवायची. आमच्या संसारात लाडाचं म्हणावं असं तेवढंच.

मी पट्टीसाठी उशाजवळचा खण उघडते तर आत आमच्या परळच्या चाळीतल्या जुन्या खोलीतली फळी आहे. फळीवर डबे, डब्यांमागे पट्टीचं रीळ. खाली स्टोव्ह फुरफुरतोय.

"आज कुठलं गाणं आहे?"

"कुणास ठाऊक. वाजवायचं ते कागदावर मांडून देतील, तेवढं वाजवायचं."

हे नेहमीचंच उत्तर. गाणारा बहुतेकदा नंतर येऊन गायचा. तोवर हे घरी येऊन पोहे खात असायचे. तबकडीवर नाव नाही, सिनेमात नाव नाही, आणि आमच्या टिचभर रेडिओला तो जाड आवाज पेलायचाच नाही. उभा जन्म वाजवलं या माणसानं आणि मला ते कशातच ऐकू आले नाहीत.

एका गाण्यात मात्र आले. त्या गाण्याच्या सुरुवातीला बाकी सगळी वाद्यं गप्प असतात आणि एकटा बेस वाजतो. धुम्म, मग थांबून पुन्हा धुम्म. ती ओळ यांनी घरी इतकी घोटली होती की मला पाठ झाली होती. तेव्हा मला दिवस भरत आले होते. पहिलं बाळ. ओळ सुरू झाली की पोटात लाथा मारायचं. आजही नैवेद्य दाखवल्यावर आम्ही तेच गाणं लावलं. दर वर्षी लावतो. शिरीष सगळ्यांना गप्प करतो, म्हणतो, "हे बाबा." मी स्पीकरच्या पेटीवर तळवा ठेवते आणि यांचा हात तळव्याला लागतो. माझ्या वाटणीला आलेले हे एवढेच.

स्टोव्ह विझतो. फळीच्या जागी भिंत आहे, भिंतीला गोणपाट ठोकलेलं. रेकॉर्डिंगचा मोठा हॉल, व्हायोलिनवाले रांगेत बसलेत. मी दारात, हे माझ्या शेजारी. समोर बेस कवेत घेऊन परेरा उभा आहे. यांचाच मित्र, नाताळात आमच्याकडे केक आणायचा तो.

परेरा ती ओळ वाजवायला लागतो. धुम्म.

"अहो, ती तुमची ओळ आहे."

"ओळ माझी," हे म्हणतात. "हात त्याचा."

"म्हणजे?"

"त्या दिवशी रेकॉर्डिंगला तोच होता."

पायाखालून फिनाइलचा वास येतो. हॉल लांबट होत जातो, खुर्च्यांच्या खाटा होतात. एका खाटेवर मी आहे. त्या दिवशी सकाळी पट्टी बांधता बांधताच मला कळ आली होती. बाळ रडलंच नाही. फडक्यात गुंडाळून नेलं, मला दाखवलंही नाही. आणि आता खाटेशेजारी स्टुलावर हे बसलेत, मांडीवर हात टाकून. दोन बोटांना पट्टी. पांढरीशुभ्र.

ती मी तेव्हाही पाहिली होती. रेकॉर्डिंगचा दिवस, दिवेलागणीची वेळ आणि पट्टी पांढरी. पण बाळ गेलेल्या बाईला पट्टीचा रंग काय सुचणार?

"मला का नाही सांगितलंत?"

"तू अन्न टाकलं होतंस, इंदू. शेजारच्या मोहित्यांच्या मोठ्या रेडिओवर एक दिवस ते गाणं लागलं. तू म्हणालीस, अहो, हे तर तुम्ही! आणि ताटातले दोन घास खाल्लेस. मी काय सांगणार होतो?"

"नंतर सांगायचं."

"नंतर तू चाळभर सांगून आली होतीस."

मला इतका राग येतो की रडूही येत नाही. "मग तुम्ही आहात तरी कुठे? दुसरं एखादं गाणं सांगा. कसलंही भिकार असू दे, मला चालेल."

हे खरोखर आठवायला बसतात. कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून. मी वाट बघते.

"आठवत नाही गं."

"आठवा ना."

"मोजायचं आणि वाजवायचं, इंदू. मोजण्याच्या नादात गाणं कोण ऐकतं?"

आता आम्ही एका हॉटेलच्या दारात आहोत. की-बोर्डात बेसचा आवाज निघायला लागल्यावर यांना बोलावणं येईना, मग माझी सवत या हॉटेलवाल्यानं नेली. दाराशी शोभेला उभी केली आहे. पोट कापून आत मनी प्लँट लावलंय. हे तिच्यावरून हात फिरवतात आणि बोटं माझ्यापुढे धरतात.

"बांध ना. उशीर होतोय."

"कशाला? तिला तारा कुठे आहेत?"

"बांध गं."

मी दातांनी पट्टी फाडते. गुंडाळते. बोटं हाताला लागत नाहीत, पट्टी मात्र घट्ट बसते.

"आई, चहा."

सून कप घेऊन उभी आहे. खिडकीत डोंबिवलीचं ऊन. ती माझ्या हाताकडे बघते. "बोटांना काय लागलं?"

माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना पट्टी आहे. घरात आहेत त्या तपकिरी, तयार पट्ट्या. ही कापडाची, रिळाची, कड दातांनी फाडलेली.

"काही नाही," मी म्हणते.

बाहेरून शिरीष हाक मारतो. "आई, आत्या निघाली. सकाळी तिला उशीर झाला ना, गाणं राहिलं तिचं. एकदा लावतो."

मी बाहेर जाते. तो बटण दाबतो, सगळ्यांना गप्प करतो. धुम्म. नणंदबाईंचे डोळे भरून येतात. त्यांचा एकुलता एक भाऊ. पदर तोंडाला लावून त्या मला विचारतात, "वहिनी, हाच ना आमचा रघू?"

शिरीष माझ्याकडे बघतोय. दर वर्षीसारखा त्यानं पेटीशेजारचा स्टूल माझ्यासाठी मोकळा ठेवलाय.

"हो," मी म्हणते. "हेच."

बसते आणि पेटीवर तळवा ठेवते. परेरा चांगलं वाजवतो. मी माझ्या बोटांकडे बघते. पट्टी पांढरीच आहे.