तिघांत एक विमान

एक वस्तू तिघांनी मिळून बनवली की वस्तू एकच होते, तिच्या गोष्टी मात्र पोत्यानं साठतात. आमचं रिमोटवर उडणारं विमान पंख पसरून साडेचार फूट भरतं. त्याचे किस्से सांगायला बसलो तर चहाचे दोन राउंड संपतात आणि तरी कुणीतरी म्हणतंच, "अन् ते राहिलंच की सर."

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. मी अंबाजोगाईत ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवतो. रफिकभाईंचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरी-बोअरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात आणि बऱ्या होऊन जातात. कांबळे मॅडम भूलतज्ज्ञ आहेत, ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवतात आणि नंतर न चुकता उठवतात. एका दुपारी मी मिक्सर घेऊन दुकानात गेलतो, मॅडम कूलरची मोटार घेऊन आल्या होत्या आणि रफिकभाई मोबाइलवर कुणीतरी घरी बनवलेलं विमान उडताना बघत होते. तो व्हिडिओ आम्ही तिघांनी मिळून चार वेळा बघितला. मॅडमचा कूलर तसाच राहिला.

महिन्याभरानं पार्सल आलं. लांबलचक खोकं. कुरिअरवाल्यानं ते मोटारसायकलवर आडवं बांधून आणलं होतं. सही घेताना त्यानं विचारलं, "सर, ह्यात काय हाय?"

"विमान आहे."

तो जरा वेळ खोक्याकडं बघत राहिला. "मग ते मोटारसायकलवर कावून पाठवलं?"

* * *

विमानाचं अंग थर्मोकोलसारख्या फोमचं होतं. पंखाचे दोन भाग मधे चिकटवायचे होते. सोबतच्या पुस्तिकेत लिहिलं होतं की त्यांचाच गोंद वापरा आणि रात्रभर वाळू द्या. रफिकभाईंना रात्रभर हा शब्द मान्य नव्हता.

"सर, आपल्याकडं झटपट गोंद हाय ना. लोखंडाला लोखंड चिकटतंय, ह्याची काय गोष्ट."

मी फिजिक्सचा माणूस, केमिस्ट्रीत हात घालत नाही, म्हणून गप्प बसलो. त्यांनी डाव्या पंखाच्या कडेला गोंदाची सरळ रेघ ओढली. पहिल्यांदा बारीक फसफस ऐकू आली. मग फोम विरघळायला लागला. आम्ही बघत असताना पंखात बोट जाईल एवढी घळ पडली आणि ती हळूहळू पुढं सरकत निघाली.

रफिकभाई घाबरले नाहीत. त्यांना नवल वाटलं. खाली वाकून ते बघतच राहिले. "लोखंड सोडलं, रबर सोडलं अन् ह्यालाच कावून खाल्लं?" मग त्यांनी दुकानातले सगळे गोंद आणून फोमच्या एका तुकड्यावर ओळीनं एकेक थेंब टाकला, आणि कोणता खातो, कोणता नाही ते बघितलं. विमान त्या दिवशी पुढं गेलं नाही, पण दुकानाच्या भिंतीवर यादी लागली. अजून आहे.

मॅडम संध्याकाळी आल्या. पंखाची घळ त्यांनी बोटानं चाचपली आणि विचारलं, "टाके घालायचे की बदलायचा?"

पंख बदलला.

* * *

मोटार बसवली ती अंगठ्याएवढी. चालू केली तर पंखा उलटा फिरायला लागला. वारा मागं जायच्याऐवजी पुढं. मी पुस्तिका पालथी घातली, इंटरनेटवर शोधलं, विकणाऱ्याला इंग्रजीत लांब पत्र लिहायला घेतलं.

रफिकभाईंनी मोटार उचलून कानाशी धरली, मग तिच्या वायरी मोजल्या. तीन.

"सर, तुमी पत्र लिहायलाव, पण ही तर आपली थ्री फेज हाय. शेतातल्या मोटारीवानी. कोणत्याबी दोन वायरी आदलाबदल करा."

केल्या. पंखा सरळ फिरला. मी वीस वर्षं वर्गात मोटार शिकवतोय, ती फळ्यावर. लिहिलेलं पत्र मी गुपचूप खोडलं.

रफिकभाई मात्र खूश दिसेनात. मोटार हातात घोळवत बसले होते. शेवटी म्हणाले, "एक सांगा सर. ही किती फुटावरून पाणी उचलंल?"

* * *

पहिलं उड्डाण चार सेकंदांचं झालं. विमान हातातून सुटलं, थोडं उजवीकडं कललं. रफिकभाईंनी रिमोटची काठी डावीकडं दाबली. विमान आणखी उजवीकडं गेलं. त्यांनी आणखी दाबली. नाक मातीत.

चूक माझी होती. उडवायच्या आधी पंखाच्या मागच्या कडेच्या, विमान वळवणाऱ्या पट्ट्या बरोबर हलतात का ते मी तपासलं होतं, पण विमानाच्या समोर उभं राहून. "उजवी वर आली, ओके," असं मी म्हणालो ते माझ्या उजव्या हाताकडं बघून. विमानाचा तो डावा.

मला वाटलं दोघं चिडतील. मॅडम मातीतलं नाक पुसत शांतपणे म्हणाल्या, "सर, आमच्या थिएटरमध्ये 'ही बाजू, ती बाजू' असं कुणी म्हणत नाही. पेशंटचा उजवा म्हणजे पेशंटचाच उजवा. तुम्ही कुठं का उभे असेनात." मग त्यांनी पर्समधून मार्कर काढला आणि विमानाच्या उजव्या पंखावर बाण काढला, ऑपरेशनच्या आधी माणसाच्या अंगावर काढतात तसा.

त्या दिवसापासून नियम झाला. बॅटरी लावायच्या आधी मॅडम मोठ्यानं विचारणार, आम्ही मोठ्यानं उत्तर देणार.

"पेशंट कोण?"

"विमान," रफिकभाई हात मागं बांधून सांगतात. "वय दोन महिने."

"बाजू?"

"त्याची उजवी."

"आज काय करायचंय?"

पहिल्या वेळी रफिकभाईंनी बराच विचार केला. "आज त्याला उठवायचंय, मॅडम. झोपवायचं न्हाई."

* * *

आम्ही उडवतो ते घाटनांदूरच्या बाजूला एका माळावर. उडवायच्या आधी रिमोटचा सिग्नल किती लांब जातो ते बघावं लागतं. एकानं रिमोट घेऊन पावलं मोजत लांब जायचं, दुसऱ्यानं विमानाजवळ थांबून शेपूट हललं की हात वर करायचा. त्या दिवशी मी मोठ्यानं मोजत चाललो होतो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. पलीकडं रफिकभाई हात वर, हात खाली. मॅडम वहीत लिहीत होत्या.

बांधावरून तीन माणसं भराभरा आली. पुढं पांढऱ्या बनियनमधले एक वयस्कर गृहस्थ. शेजारचं रान त्यांचं.

"कोणत्या रोडची मोजणी हाय ही?"

"मोजणी नाही काका," मी म्हणालो.

"मग पावलं कावून मोजायलाव? अन् त्या बाई काय लिहून घ्यायल्यात?"

त्यांचा आवाज चढला होता, आणि त्यांचं चुकतही नव्हतं. अनोळखी माणसं मोजायला लागली की रानाचं काय होतं ते त्यांनी दुसऱ्या गावात बघितलं होतं. खरं ते चटकन सांगून टाकावं म्हणून मी म्हणालो, "काका, विमानासाठी मोजतोय."

ते दोन पावलं मागं सरले. मागच्या दोघांकडं बघितलं.

"मंजी इमानतळ?"

मग मॅडमनी त्यांना हाताला धरून विमानाजवळ नेलं, शेपूट हलवून दाखवलं, उडवूनही दाखवलं. काका निवले. जाताना म्हणाले, दर रविवारी या, रान मोकळंच हाय, पण वही आणू नका.

आम्हाला वाटलं विषय मिटला. पुढच्या आठवड्यात घाटनांदूरच्या हॉटेलात चहा घेत होतो, तर शेजारच्या बाकावरचा एकजण सरकून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, तुमी शिकलेले दिसता म्हणून सांगतो. हितं विमानतळ होणार हाय. मोजणी झाली. कुणाला बोलू नका."

* * *

जानेवारीत विमान हरवलं. दुपारी वारा सुटला, विमान ठिपक्याएवढं झालं. येतंय की जातंय तेच रफिकभाईंना कळेना, आणि ते ओढ्यापलीकडच्या ज्वारीत उतरलं. उभी ज्वारी, डोक्याच्या वर. आम्ही त्या दिवशी शोधलं, पुढचे दोन रविवार शोधलं. रफिकभाईंचा चेहरा उतरला. "मपल्या हातातून गेलं," एवढंच म्हणायचे. चहाला यायचे बंद झाले. मॅडम दुकानात जाऊन नवीन विमानाचे फोटो दाखवून आल्या, तर त्यांनी मोबाइल उलटा ठेवून दिला.

पंखाखाली मी माझा नंबर लिहून ठेवला होता. तीन आठवड्यांनी फोन आला. बाईचा आवाज.

"तुमचं इमान हाय मपल्याकडं. घेऊन जावा."

ओढ्यापलीकडं वस्तीवर गयाबाई राहतात. साठीच्या पुढच्या. गोधड्या शिवतात. ज्वारीत सापडलेलं विमान त्यांनी उंदरांपासून जपून आढ्याला सुतळीनं टांगलं होतं. रफिकभाईंनी दोन्ही हातांनी ते खाली घेतलं आणि उजेडात धरलं.

उजवा पंख मधोमध मोडला होता. मोडलेल्या जागी आत तुऱ्हाटीची, म्हणजे वाळल्या तुरीची, काडी घातलेली, वरून जुन्या लुगड्याची पट्टी, आणि पट्टीवर गोधडीचे टाके. बारीक, एकसारखे, कडेपर्यंत. मॅडमनी चष्मा लावून टाके बघितले. डाव्या पंखाच्या टोकाला शर्टाच्या तीन पांढऱ्या गुंड्या लावलेल्या होत्या.

"ह्या कशाला, मावशी?" मी विचारलं.

"टांगलं की उजवीकडं कलायचं. दोन लावून बघितल्या, भागंना. तिसरी लावली तवा सरळ ऱ्हायलं."

नवं होतं तेव्हापासून ते विमान उजवीकडं ओढायचं. आम्ही त्यावर इलाज म्हणून रिमोटवरचं एक बारीक बटण कायम डावीकडं सारून ठेवत होतो. वजन करायचं आमच्या तिघांपैकी कुणालाच सुचलं नव्हतं.

"मावशी, पंखावर नंबर होता," मॅडम म्हणाल्या. "तेव्हाच का नाही फोन केला?"

"दिसला व्हता की." गयाबाईंनी पदरानं विमानावरची धूळ झटकली. "पण मोडकं कसं वापस द्यायचं?"

ज्वारी आता काढून झाली होती, रान मोकळं होतं. मी नवीन बॅटरी घातली. मॅडमनी सगळं विचारलं, रफिकभाईंनी सगळं सांगितलं. गयाबाई दारातल्या दगडावर बसून ऐकत होत्या. मी विमान हातातून सोडलं.

ते डावीकडं ओढायला लागलं. रफिकभाईंनी ते बारीक बटण सरकवत मधोमध आणलं. विमान सरळ झालं. त्यांनी आणखी थोडं वर नेलं आणि मग दोन्ही अंगठे काठ्यांवरून उचलले. रिमोट छातीशी, हात मोकळे. विमान कुणी धरल्यासारखं सरळ, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. मग त्यांनी ते वळवून आणलं आणि गयाबाईंच्या पुढ्यात, धसकटं नव्हती तिथं, हळू उतरवलं.

मला वाटलं, आता त्या विचारतील की हे कसं उडतं. फिजिक्सच्या मास्तरानं उत्तर तयार ठेवलं होतं.

गयाबाई उठल्या. पट्टीवरून एकदा बोट फिरवून बघितलं, टाका कुठं सैल झालाय का. मग रफिकभाईंना म्हणाल्या, "पुन्हा पडायचं झालं, तर इकडंच पडू द्या."