‘हो गं’ माणिकप्पा

तेरच्या बाजारात कुठल्याही बाईला विचारा, माणिकप्पा कसा माणूस? ती आधी हसेल, मग मान एका खांद्यावर टाकून, डोळे अर्धे मिटून म्हणेल, “हो गंऽ!” ही नक्कल मूळची माझी. आता ती गावभर झाली आणि माझं नाव कुणी घेत नाही. दुनियेची रीतच आहे ती.

माणिकप्पा म्हणजे माझे काका. माझे वडील महालिंगप्पा, म्हणजे आमचे अप्पा, किराणा दुकानाच्या गादीवर बसतात आणि काका सायकलीवर. सुया, दोरे, फण्या, काजळाच्या डब्या घेऊन ते तेरणेच्या काठाकाठानं निघतात, माळ चढतात, टेकड्या उतरतात आणि पार येरमाळ्यापर्यंत विकून येतात.

“माणिकप्पा, येरमाळ्याहून लाल रिबीन आणशील का रं?”

“हो गं.”

“जाता जाता माझ्या लेकीला सांगावा देशील? जरा वाकडी वाट पडंल.”

“हो गं.”

“आन् हे लोणच्याचं गाडगं बी तेवढं पोचवशील?”

“हो गं.”

नाही म्हणणं त्यांना जमतच नाही. तो शब्द देवानं वाटला त्या दिवशी काका कुणाचं तरी गाडगं पोचवायला गेले असणार.

सायकल त्यांनी कचेरीतून बदली झालेल्या एका पेशकारसाहेबाकडून घेतली. साहेबानं जाताना तिची घंटा तेवढी काढून नेली. ब्रेक कधीचाच नव्हता. काका चप्पल घासून थांबतात, म्हणून त्यांची उजवी चप्पल डावीच्या आधी मरते. त्यात लढाई लागल्यापासून ट्यूब मिळेना. तेव्हा काका टायरमध्ये गवत ठासतात. मुरमाच्या वाटेवर कोसभर गेलं की गवताचा भुगा होतो आणि मग प्रत्येक खडा थेट बसणाऱ्याच्या मणक्याशी बोलतो. चढावर काका सायकलीला म्हणतात, “चल माझे राणी, चल माझे बाये.” उतारावर तिलाच म्हणतात, “थांब सटवे! अगं थांब!”

ह्या सायकलीपायी त्यांचं लग्न लांबलं. “ठिकाणावर न्हाय, चाकावर हाय,” असं म्हणून लोक पोरगी देईनात. शेवटी आळंदच्या पलीकडून, कानडी मुलखातून, मल्लम्मा काकू आली. आमच्या नावांत अप्पा शिल्लक आहे, पण घराण्याच्या जिभेवरून कानडी कधीच उतरली. आणि काकूला मराठीचं अक्षर येत नव्हतं. तिच्यासोबत पाठराखीण म्हणून शरणम्मा नावाची म्हातारी आली होती. तिला तर मराठी ऐकूनच राग यायचा.

मग घरात दुभाषी कोण? मी! शिवगंगा महालिंगप्पा, वय चौदा, शिक्षण चार बुकं. मला कानडी येत नव्हती. पण मला कानडीचा आवाज येत होता. जमादाराचं “क्या है रे, इधर आव” मी असं काढते की कुत्री उठून बसतात, मग काकूचं बोलणं काय अवघड? ती बोलली की मी तस्संच बोलून दाखवायची आणि त्याचा अर्थ ठोकून द्यायची. आत्मविश्वासानं सांगितलं की घरचे मान डोलवतात.

पहिल्याच दिवशी अप्पा जेवायला बसले. काकू पदर सावरून अदबीनं म्हणाली, “ऊटा माडरी.”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. “काय म्हणतीया?”

“उठा म्हणतीया, माडीवर जा.”

आमच्या घराला माडी नाही. तरी अप्पा भरल्या ताटावरून उठून दारात जाऊन उभे राहिले. तिच्या माहेरची काही रीत असेल म्हणाले.

आठव्या दिवशी सकाळी काका अंगणात चाकात गवत कोंबत होते. काकू पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि हळूच म्हणाली, “नीरु?” काकांनी वर न बघता गोड आवाजात म्हटलं, “हो गं.” ती जरा थबकली. मग म्हणाली, “ऊटा?” काका म्हणाले, “हो गं.” मग तिनं खाली बघून काहीतरी लांबलचक विचारलं. काकांना एक शब्द कळला नाही, पण नवी बायको एवढं बोलली ह्याचाच आनंद. तोंडभर हसून ते म्हणाले, “हो गं!”

काकूनं तांब्या उंबऱ्याजवळ ठेवला आणि आत गेली.

“काय म्हणाली गं, गंगे?” काकांनी विचारलं.

“तुमी लई चांगले हाव, म्हणाली.”

काका लाजले. गवत टायरमध्ये कमी आणि धोतरात जास्त जायला लागलं.

त्याच दिवशी शरणम्मा परत जाणार होती. तिला छोट्या आगगाडीत बसवायला काकू आणि मी ठेसनावर गेलो. म्हातारी डब्यात चढली. तिच्या मागोमाग काकूही चढली, गठुड्यासकट. मला वाटलं, जागा धरून देत असेल. गाडीनं शिटी दिली, तरी ती उतरेना. खिडकीतून माझ्याकडं बघून ती एक वाक्य बोलली, पदराचं टोक डोळ्याला लावलं, आणि गाडी गेलीसुद्धा.

मी ते वाक्य तोंडात धरून, पाण्यानं भरलेली ओंजळ न्यावी तशी धावत घरी आले. “होग अंत मूर सला अंदरु, होंटीनी! होग अंत मूर सला अंदरु, होंटीनी!”

“म्हंजी काय?” आई, गिरिजाबाई, चुलीपासून ओरडली.

“मुसळाचं कायतरी हाय. मुसळ माहेरी ऱ्हायलं, ते आणाय गेली.”

“मुसळ?” अप्पा म्हणाले. “आगगाडीनं?”

पहिल्यांदाच माझ्या अर्थाला कुणी मान डोलवली नाही. अप्पा खाली बसले. “माणिक, आठव्या दिवशी पोरगी रडत माघारी गेली, तर ती माणसं परत धाडायची न्हाईत. अन् तुला दुसरी कोण देणार? बार्शीच्या अलीकडं गाठ. पुढं इंग्रजी हद्द. करोडगिरीच्या नाक्यावर जकातीपायी तुजी सायकलच अडवून धरतील.”

काका एकदम बारीक आवाजात म्हणाले, “म्या काय केलं गं, गंगे?” त्या आवाजाची नक्कल मी अजून केलेली नाही.

“तुमाला तिचं बोलणं कळायचं न्हाय,” मी म्हटलं. “मला घेऊन चला.”

“पोरगी सायकलीवर?” आई किंचाळली. पण दुभाषी घरात एकच होता.

निघालो. येडशीपर्यंतची वाट गाडीवानांनी पाडलेली. आधी तेरणेचा काठ: मऊ माती, बाभळी, आणि कॅरिअरवर मी राजकन्या. मग माळ सुरू झाला आणि राजकन्येचे दात वाजायला लागले. चढावर काका म्हणाले, “चल माझे राणी,” आणि मला वाटलं ते मलाच म्हणताहेत. ते पुढं म्हणाले, “गंगे, तू उतर.” सगळ्या चढांवर मी पायी होते. टेकडी संपली की दुसरी टेकडी. तेवढ्यात गवताचा भुगा झाला आणि काकांनी एका शेतकऱ्याला गवत मागितलं. तो म्हणाला, “सायकलीला चारा? दूध किती देती?”

येडशीच्या ठेसनात पोचलो तर गाडी नुकतीच सुटली होती, धूर अजून झाडांवर होता. काका फलाटावर मटकन बसले. मी वाक्य विसरू नये म्हणून पुटपुटत होते, “होग अंत मूर सला अंदरु…”

जवळच पेरू विकणारी एक बाई होती, लक्ष्मम्मा. ती वळली. “कुणी म्हटलं गं तुला जा म्हणून?”

“आं?”

“तूच म्हणतीस की. ‘तीनदा जा म्हणाले, म्हणून निघाले.’ म्या आळंदची हाय पोरी, मला कळतंय. होग म्हंजी जा.”

काका उभे राहिले. “म्या कवा जा म्हणलो? म्या तर प्रत्येक येळेला…” आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं. “हो गं म्हणलो.”

मग मी सकाळपासून आगगाडीपर्यंतचं सगळं, नीरु-ऊटासकट, तिला करून दाखवलं. लक्ष्मम्मा पेरू सोडून हसली. “नीरु म्हंजी पाणी, ते विचारलं तिनं, जा म्हणलास. ऊटा म्हंजी जेवण विचारलं, जा म्हणलास. मग तिनं विचारलं आसंल, माहेरी जाऊ का? अन् त्येलाबी हसून…!”

ऊटा म्हणजे जेवण. भरल्या ताटावरून दारात जाऊन उभे राहिलेले अप्पा माझ्या डोळ्यांपुढं आले. मी एकदम पेरूंचा भाव विचारला.

“मावशे,” काका काकुळतीनं म्हणाले, “ये, ह्याला काय म्हणत्यात?”

“बा.”

“एवढंच?”

“तुज्यासारख्याला एवढंच पुरं. पळ! आगगाडी घाटातून वळणं घेत जाती. तू रामलिंगाच्या झाडीतनं नीट खाली उतर. खाली इंजनाला पाणी पाजत्यात.”

त्या उताराबद्दल मी फार सांगू शकणार नाही, कारण डोळे मिटले होते. झाडी, दगड, पुन्हा झाडी. काका ओरडत होते, “थांब सटवे!” आणि मीही तेच ओरडत होते, त्यांच्याच आवाजात. वानरंसुद्धा वाटेतून बाजूला झाली. उजवी चप्पल मध्येच कुठंतरी वारली. शेवटी घाणेरीच्या एका मोठ्या झुडपानं आम्हाला थांबवलं. बाहेर आलो तर समोरच गाडी उभी, इंजिन पाणी पितंय.

काका एका अनवाणी पायानं लंगडत, फेट्यात घाणेरीची फुलं, डब्यामागून डबे धावले. “बा! बाऽ! बा!”

गाडीतली माणसं खिडक्यांतून लोंबली.

“आरं ह्येचा बा हरवला!”

एका खिडकीत मल्लम्मा काकू दिसली. काका तिच्यापुढं हात जोडून, “बा! बा!”

“आगा बया! बायकोला बा म्हणतंय की ह्यो!”

“म्हणू द्या. आमच्यात मनात म्हणत्यात, ह्यो तोंडानं म्हणतोय.”

डबा फुटला हसून. काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, पण ते हटेनात. काकूनं घुंगट जरा वर केला. फुलं लागलेल्या नवऱ्याकडं, मग माझ्याकडं बघितलं. तिनं बोट स्वतःकडं केलं आणि हळूच विचारलं, “होग?”

काकांनी दोन्ही हात हलवले. “न्हाय! होग न्हाय! कदीच न्हाय!”

काकांच्या तोंडून ‘न्हाय’ मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

शरणम्मानं काहीतरी खणखणीत सुनावलं. काकांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, “मला कळलं न्हाय.” काकू मात्र खुदकन हसली, म्हातारीच्या पाया पडली, आणि गठुडं घेऊन खाली उतरली.

घाट आम्ही तिघांनी सायकल ढकलत चढला. माथ्यावर सपाट वाट लागली. काकांनी कॅरिअर धोतरानं पुसला, काकूला खूण केली, आणि ती आडवी बसली. मग ते माझ्याकडं वळले, फार अदबीनं.

“गंगे, तू येशील न्हवं हळूहळू पाठीमागून?”

पुढं ते दोघं हळूहळू चालले होते. ती बोट दाखवायची, ते सांगायचे, “झाड.” ती तिच्या कानडीत म्हणायची, “मरा.” काका दचकायचे, मग दोघंही हसायचे. मागून गठुडं डोक्यावर घेऊन मी. दुभाष्याची नोकरी त्या घाटात गेली, हमालाची लागली. आणि हमालाला कॅरिअरवर बसवायची रीत आमच्या मुलखात न्हाय.