भिकुबाईला उतरवायचं राहिलं

आमच्या शेजारी नवनीत राहतो. हे मी माहिती म्हणून लिहीत नाही, तक्रार म्हणून लिहितोय.

धानोऱ्यात माझी पिठाची गिरणी आहे आणि तिच्या भिंतीला भिंत लावून त्याचा फोटो स्टुडिओ. आमची दोघांची पन्नाशी जवळ आली, पण त्याच्या डोक्यातली पोरं अजून खेळायला गेलेली आहेत, घरी परतलेली नाहीत. धंदा लग्नाच्या शूटिंगचा. इथपासून कोरीटपर्यंत असा नवरदेव सापडणार नाही जो नवनीतच्या कॅसेटमध्ये कमळातून उगवला नाही. आमच्या एका मेहुण्याला तर त्यानं ताजमहालावरून उडवत आणला होता, आणि बिचारा उंचीला घाबरतो.

एवढ्यावर माणूस सुखी राहिला असता. पण त्याला पिक्चर काढायचा होता. तोही साधा नाही.

"सगळे अहिराणीमा कॉमेडी काढतस, भो. मी थरार काढसू," एका दुपारी तो माझ्या गिरणीच्या दारात उभा राहून म्हणाला. गोष्ट अशी: गावोगाव एक पांढरी गाडी येते. तिच्यातला डॉक्टर म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत एक थेंब टाकतो, त्यांना गाडीत बसवतो, आणि ती माणसं पुन्हा कधी दिसत नाहीत.

"त्यांना नेऊन तो करतो काय?" मी विचारलं.

"ते आजून सुचनं नही."

आणि डॉक्टर कोण? मी! "तुले मेकअप लागत नही. तू आधीच पांढरा शे," म्हणे. माझ्या अंगावरच्या पिठाचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. कोट आमच्या घरच्यांनी जुन्या चादरीचा शिवला. पाठीवर निळी फुलं आली, म्हणून डॉक्टरचे सगळे सीन समोरून. अख्ख्या पिक्चरमध्ये हा खुनशी डॉक्टर कोणाला पाठ दाखवत नाही, त्याचं कारण हे.

गाडी रूपचंदची. तो नंदुरबारच्या बाजारात तिच्यातून लाल मिरची नेतो. गाडीचा रंग पांढरा आणि भाडं फुकट, म्हणून निवड झाली. पण आत मिरचीचा ठसका असा मुरलेला, की पळवलेली माणसं बसल्या बसल्या शिंकायला लागायची. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. नवनीत कॅमेऱ्यामागून ओरडायचा, "वा! काय अ‍ॅक्टिंग शे!" त्या अ‍ॅक्टिंगनं माझा घसा आठवडाभर बसला होता.

पळवली जाणारी पहिली बाई म्हणजे त्याची आई, भिकुबाई. दुसरा डोंगरसिंग. हा अक्कलकुव्याच्या वरच्या पाड्यावरचा, कापूस वेचायला आमच्या शिवारात आलेला. नवनीतनं दोघांना गोष्ट सांगितलीच नाही. "माय, फक्त गाडीमा बठ. मांगे देखू नको," एवढंच. भिकुबाई नऊवारी सावरून ऐटीत बसली, दार लागलं, गाडी वळणापर्यंत गेली, शूटिंग संपलं. पुढचं दृश्य लिहिलेलंच नव्हतं. ती वळणावर उतरली आणि शिंकत शिंकत पायी घरी आली. ते कोणी शूट केलं नाही.

आता भिकुबाईबद्दल एक गोष्ट सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. तिचा एक डोळा लहानपणी देवीच्या आजारात गेला. उरलेल्या एकाच डोळ्यानं तिनं संसार केला, मिरच्या निवडल्या, नवनीतला वाढवलं, आणि माझ्या गिरणीत येऊन पीठ जाड आलंय का बारीक हे लांबूनच ओळखून मला चार लोकांत टोकलं. त्या एका डोळ्यात आता मोतीबिंदू पिकला होता. गावच्या आशाताई निशाबाईंनी तिचं नाव शिबिराला लावलं होतं. दवाखान्याची गाडी येणार, शहरात नेणार, ऑपरेशन करून दुसऱ्या दिवशी आणून सोडणार. डॉक्टरनं बजावलं होतं, आता लांबवू नका. फार पिकला तर अवघड होईल.

आणि आमच्या दिग्दर्शकानं दिवाळीत ट्रेलर सोडला.

दोन मिनिटांचा. सुरुवातीला धूर (गोवऱ्यांचा), मग पांढरी गाडी, मग माझं थोबाड आणि माझा आवाज: "डोया उघाड माय. एकच थेंब. मंग तू कोणलेच दखावाव नही." त्यावर मी हसलोय. ते हसणं नवनीतनं चार वेळा घोळवून लावलंय. ट्रेलर मोबाईलवरून मोबाईलवर गेला. कोणीतरी पुढचं नाव कापलं, कोणीतरी मागचं. उरलं काय? पांढरी गाडी, शिंकत जाणारी म्हातारी, आणि मी.

तिसऱ्या दिवसापासून बायका गिरणीत दळण ठेवून जायच्या बंद झाल्या. डबा हातात धरून उभ्या. "दयन आम्हना समोर दय, भो." कोपऱ्यावरच्या धनुबाईनं तर पिठाचा वास घेऊन पाहिला. वीस वर्षं ही बाई माझ्याकडे ज्वारी टाकून भाजी आणायला जात होती! अक्कलकुव्याच्या बाजारात गेलो, तर लसूण विकणारी एक आजी मला पाहून पदर डोळ्यांवर ओढून बसली. लसूण न घेता परत आलो.

त्यात डोंगरसिंग दिसेना. दिसणार कसा? दिवाळी झाली की तो टोळीबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जातो, दरसाल. पण आता लोक एकमेकांना विचारू लागले, "डोंगरसिंग कोठे शे?" आणि आपणच उत्तर देऊ लागले.

मी नवनीतला म्हटलं, "अरे, खुलासा कर."

त्यानं केला. कसा केला ते ऐका. इस्त्रीचा शर्ट घातला, स्टुडिओत निळा पडदा लावला आणि शुद्ध मराठीत वाचून दाखवलं: "सदर चित्रफीत पूर्णतः काल्पनिक असून तिचा कोणत्याही जीवित अथवा मृत व्यक्तीशी संबंध नाही."

झालं. आगीत रॉकेल. आमच्याकडे माणूस घरात अहिराणी बोलतो, शेतात अहिराणी बोलतो, भांडतो तर अहिराणीतच. मराठी ऐकू येते ती तलाठ्याच्या, बँकेच्या आणि मत मागणाऱ्याच्या तोंडून. ट्रेलर घरच्या भाषेत आणि खुलासा कचेरीच्या भाषेत! धनुबाईनं गिरणीच्या ओट्यावर बसून निकाल दिला: "मराठीमा कोनबी खोटं बोलस. अहिराणीमा कोन खोटं बोलस? याले कोनी तरी लिखी दिन्हं शे." आणि मग हळूच, "मृत व्यक्ती म्हने. म्हंजे मरेल शे कोनी तरी."

मी कपाळावर हात मारला. पिठाचा पंजा उठला.

शिबिराची गाडी आली तेव्हा चौकात कुत्रंही उभं राहिलं नाही. गाडीचा रंग पांढरा, हे दवाखान्याचं दुर्दैव. निशाबाई घरोघर फिरल्या. सगळ्यांची दारं आतून लावलेली. शेवटी त्या नवनीतच्या अंगणात येऊन त्याच्यावर बरसल्या, "भाऊ, गाडी रिकामी चालली. निदान तुझ्या आईला तरी बसव!"

भिकुबाई ओट्यावर मिरच्यांचे देठ तोडत बसली होती. तिला ट्रेलर दिसला नव्हता, पण ऐकू आला होता. माझ्या हसण्यासकट.

"मी नही जावाव," ती म्हणाली.

"माय, तो खोटा पिक्चर शे. मीच काढा ना!"

"तूच काढा. तूच माले गाडीमा बसाडं. उतारं कोठे?"

"तू वळणावर उतरनी ना!"

"ते कोनी देखं? सगळा गावनी देखं ते मी बठनी. उतरेल कोनी देखं नही. एक गाडीमाईन उतरनी नही, तं दुसरीमा कशी बठू?" मग देठ तोडायचं थांबवून म्हणाली, "आंडेर सासरे धाडी तं आखाजीले मुऱ्हाई जास. माले लेवाले कोन उना?"

आखाजीच्या सणाला सासरी गेलेल्या पोरीला माहेरी आणायला जो जातो, तो मुऱ्हाई. पोर धाडली आणि मुऱ्हाई पाठवला नाही, तर माहेर मेलं असं समजतात. एकाच डोळ्याची शिल्लक असलेली बाई तो डोळा कोणाच्या हाती द्यायचा याचा विचार करणारच. तिनं तो अपशकुनात गुंडाळून सांगितला, एवढंच.

गाडी रिकामी गेली. निशाबाईंनी सांगितलं, महिन्यानं पुन्हा येईल. तोवर डोळा थांबला तर थांबला.

उपाय तर समोर होता. पिक्चरचा शेवट काढायचा, त्यात पळवलेली माणसं परत आणायची, बस. पण तेवढ्यात धुळ्याहून भूपेश नावाच्या चॅनलवाल्याचा फोन आला. ट्रेलर त्याला आवडला होता. पिक्चर त्याच्या मोठ्या चॅनलवर लागणार, नवनीतचं नाव पहिलं येणार. अट एकच. "शेवटी कोणी परत यायला नको, भाऊ. परत आले की मजा गेली."

पंधरा वर्षं लोकांना कमळातून काढलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी दिग्दर्शक म्हटलं होतं. तो आठवडाभर हवेत. मी म्हणायचो, "नवन्या, आई." तो म्हणायचा, "देखतस, देखतस." काय देखतस? स्टुडिओत कॉम्प्युटरसमोर बसून माझंच हसणं पुढेमागे करायचा. भिंतीपलीकडून मला ते रोज ऐकू यायचं. स्वतःच्या आवाजाची मला शिसारी आली.

मग एका सकाळी मी दळणाचा डबा द्यायला त्याच्याकडे गेलो. भिकुबाई चुलीपुढे भाकरी करत होती. तवा कुठे आहे ते बघायला तिनं हात पुढे केला आणि तळवा सरळ तव्यावर टेकवला. आवाज केला नाही. हात काढला, परातीतल्या पाण्यात बुडवला आणि दुसऱ्या हातानं भाकरी टाकली. टाकलेली भाकरी अर्धी तव्याबाहेर.

नवनीत दारात चहाचा कप घेऊन उभा होता. त्यानंही पाहिलं. कप खाली ठेवला, फोन काढला आणि तिथंच भूपेशला म्हणाला, "भाऊ, मन्हा पिक्चरमा लोके परत येतस." पलीकडून बरंच काही ऐकू आलं. मग फोन बंद झाला. स्वतःहून झाला, यानं केला नाही.

सुटलो म्हणून मी हसलो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या भिकुबाईनं बोट माझ्याकडे केलं. हसण्यावरून ओळखलं असणार.

"हाऊ शे का आठे? ज्यानी नेलं, त्यानीच लई येवाले जोयजे. मुऱ्हाई हाऊच."

"माय, माझी गिरणी…"

"कोट घालीसन ये."

तर वाचकहो, पुढच्या शिबिराच्या दिवशी भिकुबाई दवाखान्याच्या पांढऱ्या गाडीत बसली आणि तिच्या शेजारी चादरीचा कोट घालून मी. नवनीत समोरून शूट करत होता. धनुबाईसकट अर्धा गाव कुंपणाआडून बघत होता, जणू आम्हा दोघांची तिरडी निघाली आहे. शहरातल्या दवाखान्यात खऱ्या डॉक्टरनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "हे पेशंट कुठून आले?" वऱ्हांड्यात एका म्हाताऱ्यानं माझा हात धरून डोळा दाखवायला सुरुवात केली. मी त्याला खऱ्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हा तो पाठीमागून म्हणाला, "फुलंवाला डॉक्टर चांगला शे."

भिकुबाईला आत नेलं त्या वेळात मात्र मला विनोद सुचला नाही. बाकावर बसून कोटाच्या शिवणीतला दोरा ओढत राहिलो. बाही सुटली.

दुसऱ्या दिवशी गाडी धानोऱ्याच्या वळणावर आली. नवनीतनं तिथंच थांबवायला सांगितली, जिथं मागच्या वेळी शूटिंग संपलं होतं. कॅमेरा खांद्यावर, डोळा त्यात घातलेला. मी आधी उतरलो, हात पुढे केला. भिकुबाई काळा चष्मा लावून खाली उतरली. उन्हात मिरच्या वाळत पडलेल्या, लांबवर लाल. ती तिकडे बघत उभी राहिली. चष्मा जरा नाकावर सरकवला. मी म्हटलं, "माय, चष्मा काढू नको!"

"काढत नही. देखू दे."

ती सावकाश नवनीतजवळ गेली. हातानं कॅमेरा बाजूला केला.

"नवन्या," ती म्हणाली, "तुन्ही दाढी कव्हय पिकनी रे?"

त्यानं दाढीवर हात फिरवला. कॅमेरा चालूच होता, पण रोखलेला होता खाली, त्याच्या चपलांवर. मग ती माझ्याकडे वळली आणि माझी पाठ पाहून म्हणाली, "आनि ललित्या, हाऊ कोट शे का? हाई तं चादर शे!" हे सगळं चपलांच्या चित्रावर रेकॉर्ड झालं. पिक्चरचा शेवट म्हणून नवनीतनं तेच लावलं. त्याला जोडून डोंगरसिंगनं फडावरून पाठवलेलं मोबाईलवरचं दृश्य. तो उसात उभा राहून वैतागून म्हणतो, "मी ऊस तोडी ऱ्हायनू. डॉक्टरनी नही नेलं, मुकादमनी नेलं. दरसाल नेस. काय फोन करी ऱ्हायनात सगळा?"

सगळं अहिराणीत. लोकांनी मानलं.

थराराचं मात्र वाटोळं झालं. चॅनल मिळालं नाही. पिक्चर नवनीतच्या स्वतःच्या पानावर आहे, लग्नांच्या व्हिडिओंच्या मधे कुठेतरी. तो अजून म्हणतो, "शेवट जमना नही, भो." आणि दिवसातून दोनदा लावून बघतो.

माझी तक्रार आता सुरू होते. शिबिराची गाडी दर महिन्याला येते आणि भरून जाते. पण आधी कोणी चढत नाही. मागच्या खेपेला धनुबाई पायरीवर पाय ठेवून तशीच थांबली. निशाबाई म्हणाल्या, "आजी, बसा ना." धनुबाई म्हणाली, "मुऱ्हाई कोठे शे?" मागून पाच-सहा म्हाताऱ्यांनी तेच विचारलं. भिकुबाई ओट्यावरून, चष्म्याआडून सगळं बघत होती. तिला आता सगळं दिसतं, हेच अवघड झालंय. मी गिरणीच्या मागच्या दारानं सटकायला निघालो, तर तिनं तिथूनच हाक मारली, "ललित्या! कोट खुंटीले शे, मांगला दारले नही!"

गिरणी बंद ठेवली. मधल्या सीटवर चार म्हाताऱ्या, माझ्या मांडीवर त्यांच्या पिशव्या, कोटाची एक बाही अजून सुटलेली. वळण आलं आणि धनुबाई शिंकली. "मिरचीनी गाडी शे का हाई?" तिनं मला विचारलं.

"नाही, आजी. दवाखान्याची," मी म्हटलं.

"मराठीमा नको सांगू," ती म्हणाली.