मागच्या तोटीची तार

तात्या फिटर कुठलाही बोल्ट आवळून झाला की गाडीच्या मालकाचं मनगट धरायचे आणि त्याची बोटं त्या बोल्टवर टेकवायचे. "हात लावा, मालक," म्हणायचे. मालक पांढऱ्या कपड्यांत असो, घाईत असो, नाहीतर गावचा पुढारी असो. हात लावल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर पडायची नाही. कुणी कुरकुर केली तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "आवळणारा एक, बघणारा एक. एकट्याच्या हाताची साक्ष धरत न्हाईत." आमच्या जळोचीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि निम्म्या बारामतीच्या बोटांना तिथलं ग्रीस लागलेलं होतं. माझ्याही लागलं होतं. त्याच बोटांनी मी या माणसाचं वाटोळं केलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

तेलाचं तात्यांना भलतं वेड. जुनं तेल टाकून द्यायच्या आधी ते दोन थेंब तळहातावर घ्यायचे, अंगठ्यानं चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि मग त्या गाडीच्या घराची सगळी कुंडली मांडायचे. मी कॉलेजात असताना आमच्या आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, ट्रॅक्टर त्यांच्याकडे नेला होता. तेल चोळून तात्या म्हणाले, "आबा, ह्यो तुमी एकटं चालवत न्हाय. धाकलं मालक बी चालवत्यात. गार इंजिनाला रेस दिलीया." आबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट गॅरेजच्या मागं जाऊन उभा राहिलो. तात्या कुणाची चूक लपवायचे नाहीत, स्वतःची तर नाहीच. पुढं गॅरेज चालू होतं तोवर आबांच्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कुणाचा पाना लागला नाही.

पुढं मी डाळिंबाच्या व्यापारात पडलो, चार पैसे हातात आले आणि अक्कल गहाण पडायची वेळ झाली. पुण्याहून मी एक जुनी, लाल, दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. आबांनी तिच्यात डोकावून विचारलं, "हिच्यात पेंडीचं एक पोतं तरी बसंल का?" तात्यांनी तिच्याभोवती दोन चकरा मारल्या आणि म्हणाले, "हिच्यात बसायचं हाय का निजायचं?" पण बॉनेट उघडल्यावर ते थट्टा विसरले. चप्पल बाजूला काढून, हात रॉकेलनं धुऊन, मग त्यांनी इंजिनाला हात लावला. मी नंतर कितीतरी बडे मेकॅनिक पाहिले, पण चप्पल काढणारा दुसरा पाहिला नाही.

गाडी जमिनीला इतकी टेकलेली की तेल बदलणं हा एक सोहळाच व्हायचा. गाडी फळ्यांवर चढवा, पोटाखालचा पत्रा वीस-बावीस स्क्रू काढून सोडवा, मग तात्या पाठीवर सरपटत आत जाणार आणि कण्हत बाहेर येणार. पासष्टी उलटलेली, त्यात पाठ दुखरी. मी मोबाइलवर पाहिलं की तेलाच्या बोल्टच्या जागी एक छोटी पितळी तोटी बसवता येते. दांडी फिरवली की तेल खाली. पाना नको, काही नको. या गाडीत इंजिनाचं तेल पुढं आणि मागं अशा दोन ठिकाणी असतं, म्हणून मी दोन तोट्या मागवल्या. तात्यांच्या पाठीची काळजी होती असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचो. खरं म्हणजे अशी तोटी अख्ख्या बारामतीत कुणाच्या गाडीला नसणार, ही खरी ऊर्मी होती.

तात्यांनी तोटी हातात फिरवून बघितली. "ह्यो तर ठिबकाचा कॉक," ते हसले. मग त्यांचं हसू मावळलं. "मालक, बोल्टाला पाना लागतो. तोटीला नुसतं बोट पुरतं. ज्याला बोट पुरतं, त्याला कुलूप पायजे." त्यांनी सायकलच्या चाकाची एक तार तोडली आणि पकडीनं वाकवून दोन लहान चाप बनवले. दांडी खाचेत बसवायची आणि वरून तो चाप अडकवायचा, म्हणजे दांडी हलणार नाही. चाप नजरेत भरावेत म्हणून त्यांची टोकं लाल रंगात बुडवली. आटे पुसले, तांब्याचे वायसर घातले, दोन्ही तोट्या बसवल्या. खाली वर्तमानपत्र अंथरून गाडी रात्रभर ठेवून घेतली. सकाळी कागदावर तेलाचा एक ठिपका नव्हता. पोटाखालच्या पत्र्याला त्यांनी हात जाईल एवढ्या दोन खिडक्या कापल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं आणि आधी पुढच्या, मग मागच्या चापावर माझी बोटं टेकवली. दोन्ही चाप मला लागले. मागचा तर जरा बोचलाच, हे मला अजून आठवतं.

दोन-तीन महिन्यांनी पुण्याहून माझे दोन मित्र आले. उजनीकडे मासे खायला जायचं ठरलं होतं. निघायच्या आधी मला तोटीचं कौतुक दाखवायची खुमखुमी आली. मी अंगणात आडवा झालो, मागच्या खिडकीतून हात घातला, चाप काढून खिशात टाकला आणि दांडी फिरवून दह्याच्या रिकाम्या डब्यात पेलाभर तेल काढून दाखवलं. मित्र वा वा म्हणाले. मी वा वा ऐकत दांडी परत ढकलली, ती खाचेत बसली की नाही पाहिलं नाही, आणि हात पुसून गाडीत बसलो. चाप खिशातच राहिला.

साखर कारखाने सुरू होते. ट्रॉल्यांमधून पडलेला ऊस रस्त्यावर जागोजागी पसरलेला होता. इंदापूरच्या अलीकडे उसाचं एक भलं मोठं टिपरू गाडीच्या पोटाखाली घासत गेलं आणि थोड्या वेळानं लाल दिवा लागला. एक मित्र म्हणालाही, "अरे, थांब की." मी म्हणालो, "जुन्या गाड्यांचे दिवे असेच लागतात." शंभराच्या वर वेग होता आणि तो कमी करायला माझं मन घेईना. पुढं इंजिनातून लोखंडी फाटक रस्त्यावरून ओढत न्यावं तसा आवाज आला. इंजिन जाम झालं. मागं वळून पाहिलं तर रस्त्यावर तेलाची लांबच लांब काळी रेघ होती.

गाडी दुसऱ्या गाडीवर लादून तात्यांच्या गॅरेजमध्ये आणली. बातमी कळल्यावर आबाही येऊन उभे राहिले. तात्या पाठीवर सरपटत आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "पुढली तार हाय. मागली न्हाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "धाकलं मालक, म्या तुमचा हात दोन्हीला लावला हुता नव्हं?"

मित्र बघत होते, आबा बघत होते. माझा हात खिशात होता आणि बोटांत ती तार होती. सगळ्यांसमोर मूर्ख ठरायचं नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी म्हणालो, "पुढच्यालाच लावला होता, तात्या. मागच्याचं राहून गेलं बहुतेक."

तात्या भांडले असते तर मी कदाचित कबूल झालो असतो. ते भांडले नाहीत. स्वतःचे दोन्ही हात त्यांनी पालथे-उलथे करून बघितले, जणू कुणा दुसऱ्याचे होते. "मग राहिलीच असंल," ते म्हणाले. "माझी चूक झाली, मालक." आणि माझ्यापुढं, पोराच्या वयाच्या माणसापुढं, त्यांनी हात जोडले. आबा सावकाश म्हणाले, "तात्या, वय झालं आता तुमचं." मी खिशातली मूठ आणखी घट्ट केली.

त्यानंतर तात्या बदलले. एकच बोल्ट तीन-तीनदा आवळू लागले. गिऱ्हाईक निघून गेलं की सायकलवर टांग मारून त्याच्या मागं जायचे. "मालक, जरा थांबा, त्यो मागला नट बघू द्या." लोक आधी हसले, मग कंटाळले, मग दुसरीकडे जाऊ लागले. वर्ष होतंय न होतंय तोच गॅरेजला कुलूप लागलं आणि तात्या लेकीकडे पळसदेवला राहायला गेले. मी ती गाडी भंगारात काढली. तार मात्र टाकवली नाही. टेबलाच्या खणात, पावत्यांच्या खाली दडवून ठेवली.

ट्रॅक्टर बिघडला की आबा तात्यांची आठवण काढायचे, आणि मी काहीतरी काम काढून उठून जायचो. यंदाच्या उन्हाळ्यात एकदा ते म्हणाले, "एवढा भारी माणूस, पर एका तारंला चुकला." मला सहन झालं नाही. मी सगळं सांगून टाकलं. आबा ओरडले नाहीत. "तुझ्या शब्दावर म्या त्याला म्हातारा म्हणालो," एवढंच बोलले. मग चार दिवस बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "मला सांगून काय उपेग? तितं जाऊन सांग."

मी गेलो. उजनीचं पाणी खाली गेलेलं होतं, एरवी पाण्यात बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं होतं. तात्या ओसरीवर बाजेवर बसले होते. मला बघून खुलले, आबांची, ट्रॅक्टरची, डाळिंबाची चौकशी केली. मध्येच आत बघून ओरडले, "शोभा, ग्यास बंद केलास का? हात लावून बघ गं." चहा देताना त्यांची लेक शोभाताई हळूच म्हणाली, "दिसातनं धा येळा चालतंय. सोताच्या हातावर इस्वासच उरला न्हाय त्यांचा."

मी कप खाली ठेवला. "तात्या, मागच्या तोटीची तार तुम्ही लावली होती. माझा हातही लावला होता. मीच ती काढली, मित्रांना दाखवायला. त्या दिवशी मी तुमच्यासमोर खोटं बोललो." आणि खिशातून तार काढून त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती लांब धरून उन्हात बघितली. वाकवलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. "बाक झकास जमलाय," म्हणाले. "लाल रंग बी तसाच. कुणाकडनं करून घेतली?"

"तात्या, ही तुमचीच आहे! तेव्हा माझ्या खिशात होती. आईची शपथ."

"शपथ नका घेऊ खोटी." त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "म्हाताऱ्याचं मन राखाया तुमी एवढ्या लांब आलात. आबांचं वळण हाय हे. पर मालक, ती तार राहिलीच हुती. तुमीच तर सांगितलं हुतं."

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. जितकं सांगावं तितका मी त्यांच्या लेखी चांगला माणूस ठरत गेलो. शोभाताईकडे वळून म्हणाले, "बघ, अशी माणसं हायेत अजून." मला तिच्याकडे बघवेना. त्यांनी तार माझ्या हातात परत दिली आणि माझी मूठ मिटवली.

निरोप द्यायला ते फाटकापर्यंत आले. मी बाहेर पडल्यावर त्यांनी आतून कडी घातली, दोनदा हलवून बघितली, मग फाटकाच्या गजांतून हात काढून माझं मनगट धरलं. पकड पूर्वीसारखीच होती. माझी बोटं त्यांनी कडीवर टेकवली.

"लागली का, मालक?"

"लागली, तात्या. पक्की लागली."

त्यांनी मान हलवली, पण हात सोडला नाही. घराकडे तोंड करून हाक मारली, "शोभा, ये गं जरा. तू बी एकदा बघून जा."